बदकांचा धंदा : अंडी मोजण्याआधी खाद्य मोजा

कोंबडीपेक्षा मोठे अंडे, काटक शरीर आणि पाण्यातला फुकट चारा. बदकपालनाचे हे चित्र मोठे मोहक दिसते. पण केरळच्या कुट्टनाडमध्ये पिढ्यान्पिढ्या बदके पाळणाऱ्यांचा हिशेब पाहिला, की या धंद्यात पैसा कुठे मिळतो आणि कुठे बुडतो, ते नीट कळते.

केरळच्या सहलीला गेलेले आपल्याकडचे पाहुणे अलप्पुळाच्या हाऊसबोटीत बसतात, तेव्हा एक दृश्य हमखास त्यांच्या कॅमेऱ्यात येते. कालव्याच्या पाण्यावर शेकडो बदकांचा तपकिरी थवा सरकत असतो. मागे एका लहानशा होडीत एक माणूस लांब काठीने पाणी बडवत त्यांना वळण लावत असतो. मुले टाळ्या पिटतात. मोठ्यांपैकी एखादा मात्र मनातल्या मनात गणित मांडू लागतो. बदके पाण्यातच चरतात, म्हणजे खाण्याचा खर्च नाही. रोज एक अंडे धरले, तरी हजार बदकांची हजार अंडी. गावाकडे आपली विहीर आहे, शेततळे आहे, मग हा जोडधंदा आपण का करू नये?

प्रश्न चुकीचा नाही. बदकपालन हा खरोखरच चांगला जोडधंदा होऊ शकतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ कोटी ३५ लाख बदके मोजली गेली. त्यांतली सर्वाधिक पश्चिम बंगाल आणि आसाम या दोन राज्यांत होती. इतकी कुटुंबे उगाच बदके पाळत नाहीत. पण हाऊसबोटीतून मांडलेले गणित म्हणजे ‘बाजारात तुरी’ असा प्रकार आहे. होडीतल्या त्या माणसाचे गणित फार वेगळे असते.

कळप का चालतो?

कुट्टनाड हा वेंबनाड सरोवराच्या काठचा सखल मुलूख. अलप्पुळा, कोट्टयम आणि पत्तनमतिट्टा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. इथली अनेक शेते समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. भोवती बांध घालून, पाणी उपसून तिथे भात पिकवतात. या आगळ्या शेतीची दखल घेऊन राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये तिला जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान्यता दिली.

भाताची मुख्य कापणी मार्च-एप्रिलच्या सुमारास होते. कापणीनंतर धसकटांमध्ये सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे, लहान मासे आणि पाणवनस्पती उरतात. बदकांना हे पक्वान्नच. ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ या इथल्या दोन देशी जाती अशा चरण्यावरच पोसल्या गेल्या आहेत. एका शेतातले खाणे संपले की कळप पुढच्या शेतात जातो. जवळचे संपले की होडीतून, ट्रकमधून दूरच्या भातशेतांकडे, अगदी परजिल्ह्यात किंवा तामिळनाडूपर्यंत नेला जातो. कळपाबरोबर माणसेही जातात. शेताच्या बांधावर ताडपत्रीचा आडोसा, रात्री बदकांभोवती जाळीचे कुंपण आणि कुत्री, कोल्हे, मुंगूस यांच्या भीतीने अर्धवट झोप, असा त्यांचा संसार असतो.

हे सारे हौसेने चाललेले नाही. खाद्य विकत घेऊन बदके पोसणे किती महाग पडते, हे त्या माणसाला पक्के ठाऊक असते. काही ठिकाणी शेतात बदके चरवण्यासाठी शेतमालकाला पैसेही मोजावे लागतात, आणि तरीही ते परवडते. हेच या धंद्याचे पहिले मर्म.

पहिल्या अंड्याआधीचा खर्च

आता आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू. अंड्यांसाठी सर्वांत नावाजलेली जात म्हणजे खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात अडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती तयार केली. तिच्या पूर्वजांत ‘इंडियन रनर’ नावाची बदकेही होती. चांगल्या निगराणीत ही मादी वर्षाला ३०० पर्यंत अंडी देते. अंडे साधारण ६५ ते ७० ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून चांगलेच मोठे.

पण हे पहिले अंडे हातात पडायला साधारण १७ ते २० आठवडे लागतात. पूर्णपणे विकतच्या खाद्यावर वाढवले, तर २० आठवड्यांत एक बदक सुमारे साडेबारा किलो खाद्य खाते. समजा, आपण ५०० माद्या पाळल्या आणि खाद्याचा भाव किलोला ३० रुपये धरला. (भाव गावोगाव बदलतो. आपण आपल्या बाजारातला भाव घालून हाच हिशेब पुन्हा करावा.) एका बदकामागे ३७५ रुपये, आणि ५०० बदकांमागे १ लाख ८७ हजार ५०० रुपये. हा खर्च पहिले अंडे विकण्याआधीचा. यात पिल्लांची किंमत नाही, शेड नाही, वीज नाही, मजुरी नाही आणि कर्जाचे व्याजही नाही.

आणखी एक गोष्ट नवखे लोक विसरतात. नर-मादी न निवडता घेतलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. ते माद्यांइतकेच खातात, पण अंडे देत नाहीत. वेळीच ओळखून मांसासाठी विकले नाहीत, तर ते नुसते खात बसतात. मोठेपणी नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली असतात आणि त्याचा आवाज घोगरा, बसका असतो. मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ करते ती मादी. लहानपणी मात्र ही निवड जाणकारालाच जमते. उबवणीची अंडी हवी असतील, तर सहा-सात माद्यांमागे एक नर पुरतो. नुसती खाण्याची अंडी विकायची असतील, तर तेवढीही गरज नाही.

अंडी सुरू झाल्यावर

अंडी सुरू झाली, की एका बदकाला रोज निदान १२० ग्रॅम खाद्य लागते. आपण १३० ग्रॅम धरू. ५०० बदकांना रोज ६५ किलो, म्हणजे १९५० रुपये. शंभर बदकांमागे ७० अंडी मिळाली, तर दिवसाला ३५० अंडी. अंड्याला ९ रुपये भाव मिळाला असे मानले, तर ३१५० रुपये हाती येतात. खाद्य वजा जाता उरले १२०० रुपये. चित्र छान दिसते. पण आधी खाद्यात घातलेले १ लाख ८७ हजार ५०० रुपये भरून काढायलाच असे १५६ दिवस लागतील, तेही घरातल्या माणसांच्या मेहनतीला शून्य किंमत धरून.

आता बदकांनी पिसे गाळायला सुरुवात केली, किंवा कडक उन्हाळा आला आणि अंडी शंभरामागे ५० वर आली, असे समजा. अंडी २५०, पैसे २२५०, खाद्य तेच १९५० रुपयांचे. उरले ३०० रुपये. त्यात एका मजुराचा रोजही निघत नाही. अंडी २१७ च्या खाली गेली, की त्या दिवसापासून आपण पदरचे घालून बदके सांभाळतो.

आता हेच बदक अर्धे पोट शेतात किंवा तळ्यात भरून आले तर? खाद्याचा खर्च ९७५ रुपयांवर येतो. अंडी तीच घटलेली २५० असली, तरी दिवसाला १२७५ रुपये उरतात. म्हणजे विकतच्या खाद्यावर भरपूर अंडी देणाऱ्या कळपापेक्षा, अर्धे चरून थोडी अंडी देणारा कळप जास्त पैसे देतो. कुट्टनाडचा माणूस बांधावर का झोपतो, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे. बदकाचा नफा अंड्यात कमी आणि न विकत घेतलेल्या खाद्यात जास्त असतो.

निगराणीतले बारकावे

बदक कोंबडीपेक्षा काटक, हे खरे. पण काटक म्हणजे निष्काळजीपणा सोसणारे नव्हे. काही गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर पुष्कळ नुकसान टळते.

पोहण्यासाठी तळे असलेच पाहिजे, असे नाही. तळ्याशिवायही बदके वाढतात. मात्र पिण्याचे भांडे १२ ते १५ सेंटिमीटर खोल हवे, कारण बदकाला पूर्ण चोच पाण्यात बुडवून ती स्वच्छ करावी लागते. ते जमले नाही, तर डोळ्यांवर खपल्या धरतात आणि पक्षी आंधळाही होऊ शकतो. कोरडा भरडा त्याच्या घशात अडकतो. म्हणून खाद्य ओलसर करून द्यावे, आणि पाण्याशिवाय खाद्य कधीच देऊ नये.

बुरशीचे विष हा बदकाचा मोठा शत्रू. कोंबडी ज्या खाद्यावर तग धरते, त्यावर बदक मरू शकते. शेंगदाण्याची पेंड, मका किंवा कोंडा पावसाळ्यात ओल धरतो आणि त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होते. स्वस्तात मिळाले म्हणून जुने, वास येणारे खाद्य घेणे म्हणजे स्वतःच्या हाताने कळप घालवणे.

बदके बहुतेक सगळी अंडी सकाळी नऊच्या आत घालतात. म्हणून त्याआधी त्यांना बाहेर सोडू नये, नाहीतर अंडी तळ्यात आणि चिखलात शोधत फिरावे लागते. एका दृष्टीने ही सोयच आहे. मुले शाळेत जाण्याआधी घरातल्या घरात अंडी गोळा होतात.

पाळीव बदक उबवणीला बहुधा बसत नाही. खेड्यांत खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात, किंवा मग यंत्र लागते. कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत निघते, बदकाला २८ दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३० अंशांच्या आसपास ऊब द्यावी आणि पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली दाटीवाटीने बसली, तर त्यांना थंडी वाजते आहे असे समजावे. दिव्यापासून दूर पळाली, तर ऊब जास्त झाली.

बदक पाणी सांडणारा प्राणी आहे. भाताच्या तुसाची गादी लवकर ओली होते, वास सुटतो, माश्या होतात. घराशेजारी शेड उभारण्याआधी शेजाऱ्यांचाही विचार करावा. गादी वरचेवर हलवणे आणि बदलणे हे रोजचे काम आहे, आणि बहुतेक घरांत ते बायकांच्याच वाट्याला येते. धंद्याचा निर्णय घेताना त्यांचे मत आधी विचारलेले बरे!

भित्रेपणाही लक्षात घ्यावा. अनोळखी कुत्रे, फटाके, शेडमधली धावपळ यांनी बदके घाबरून एकमेकांवर चढतात आणि अंडी कमी होतात. जागा किंवा खाद्य अचानक बदलले, तरी तेच होते.

लशींत कुचराई नको. डक प्लेग आणि बदकांचा कॉलरा हे दोन रोग कळपच्या कळप नेतात. त्यांच्या लशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरल्या वेळी टोचून घ्याव्यात. उन्हाळ्यात साचलेल्या, कुजक्या पाण्यात चरलेल्या बदकांना एक विषबाधा होते. त्यांच्या माना लुळ्या पडतात. नुकतीच कीटकनाशके फवारलेली शेतेही तितकीच घातक. चराई फुकट असली, तरी तिच्यात हे धोके आहेत.

नाताळच्या तोंडावरचे संकट

हे सारे पथ्य पाळूनही जे टळत नाही, ते कुट्टनाडच्या कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा सोसले आहे. केरळमध्ये नाताळ आणि ईस्टरच्या जेवणात बदकाला मानाचे स्थान असते. त्यामुळे नाताळसाठी उन्हाळ्यासारखीच हिवाळ्याच्या सुरुवातीलाही कळपांची लगबग असते. आधीच्या महिन्यांत उधार-उसनवारीने पिल्ले घ्यायची, चरवून मोठी करायची आणि डिसेंबरमध्ये विकून कर्ज फेडायचे, असा हा क्रम. नेमक्या याच महिन्यांत उत्तरेकडून रानबदके आणि इतर स्थलांतरित पक्षी वेंबनाडच्या पाणथळीत उतरतात. बर्ड फ्लूचा विषाणू रानपक्ष्यांच्या विष्ठेतून पाण्यात येतो, आणि उघड्या शेतात चरणाऱ्या कळपाला त्या पाण्यापासून दूर ठेवणे जवळजवळ अशक्य असते. ज्या चराईने धंदा परवडतो, तीच चराई रोग घरी आणते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये अलप्पुळा, कोट्टयम आणि पत्तनमतिट्टा जिल्ह्यांत बर्ड फ्लू आढळला आणि नाताळ तोंडावर असताना लाखाहून अधिक पक्षी मारावे लागले. २०१६ मध्ये तो पुन्हा आला. जानेवारी २०२१ मध्ये अलप्पुळा व कोट्टयममध्ये, ऑक्टोबर २०२२ मध्ये हरिप्पाडकडे, आणि एप्रिल २०२४ मध्ये एडत्वा व चेरुतना या भागांत त्याने डोके वर काढले. मे २०२४ मध्ये तर निरणम येथील सरकारी बदक केंद्रही त्यातून सुटले नाही. जिथे जाणकार माणसे आणि डॉक्टर हाताशी, तिथे ही गत, तर बांधावर राहणाऱ्याने काय करावे?

मराठी वाचकांना हे दुःख परके नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा पोल्ट्रीत बर्ड फ्लू सापडला, तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. रिकामी पडलेली शेडे आणि रात्रीत कोसळलेले चिकनचे भाव अनेकांना आठवत असतील.

नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातो. रोग नक्की झाला, की साधारण एक किलोमीटरच्या परिसरातले पाळीव पक्षी मारले जातात. त्यांत निरोगी दिसणारे पक्षीही असतात. भोवतालच्या दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते आणि विक्रीवर बंधने येतात. रोग आवरायचा, तर दुसरा उपाय नाही. पण ज्याच्या कळपाला रोगाचा स्पर्शही झाला नाही, त्याचाही बाजार बंद होतो, आणि बदके मात्र रोज खातच राहतात.

भरपाई मिळते. केरळात २०२१ मध्ये दोन महिन्यांवरच्या पक्ष्याला २०० रुपये, त्याहून लहान पिल्लाला १०० रुपये आणि नष्ट केलेल्या अंड्याला ५ रुपये असा दर जाहीर झाला होता. आपल्या वरच्या हिशेबातली ५०० बदके अशा वेळी गेली, तर १ लाख रुपये मिळतील. नुसत्या खाद्यापायी आपले १ लाख ८७ हजार ५०० रुपये गेलेले असतील. चराईवरच्या कळपाचा खर्च याहून कमी असतो, हे खरे. पण पुढच्या वर्षभराची अंडी, हुकलेला नाताळ आणि नवी पिल्ले घेईपर्यंतचे रिकामे महिने यांची भरपाई कुठल्याच दरात धरलेली नसते.

अशा साथीत घरच्यांनीही सावध राहावे. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, तो पाण्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खाल्ली, की हा विषाणू उरत नाही. कच्ची किंवा अर्धकच्ची अंडी मात्र टाळावीत.

मग करावे तरी काय?

धंदा करूच नये, असे मुळीच नाही. तो कसा करावा, हेच कुट्टनाड शिकवते.

पहिली गोष्ट, गिऱ्हाईक आधी शोधा. केरळ, बंगाल, आसाममध्ये बदकाच्या अंड्याला रोजची मागणी असते. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत अंडे म्हणजे कोंबडीचेच. मोठे अंडे जास्त भावाने घेणारे हॉटेल, आठवडी बाजार किंवा शहरातली बंगाली-मल्याळी वस्ती जवळ आहे का, ते पिल्ले आणण्याआधी पाहावे.

दुसरी गोष्ट, चाऱ्याची सोय पाहून संख्या ठरवा. मासळीच्या तळ्यावर हेक्टरी २०० ते ३०० बदके ठेवली, तर त्यांची विष्ठा तळ्याला खत होते आणि माशांचे खाद्य वाढते. भाताच्या शेतात रोपे नीट रुजल्यावर बदके सोडली, तर ती तण आणि किडे खातात. लोंब्या बाहेर पडू लागल्या, की त्यांना बाहेर काढायचे. विदर्भ-कोकणातल्या भातखाचरांत आणि तळ्यांवर हे करून पाहण्यासारखे आहे. ज्याच्याकडे पाणीही नाही आणि खाचरही नाही, त्याने ५०० बदकांचे स्वप्न पाहू नये.

तिसरी गोष्ट, वीस-पंचवीस बदकांनी सुरुवात करा. एक वर्षभर खाद्याची, अंड्यांची आणि मेलेल्या पक्ष्यांची रोज वहीत नोंद ठेवा. पिल्ले सरकारी किंवा खात्रीच्या केंद्रातूनच घ्या. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची संस्था बदकांची पैदास आणि प्रशिक्षण यांचे काम करते, आणि भुवनेश्वरलाही बदकांवर संशोधन चालते. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी केली, तर जवळचे केंद्र कळू शकेल.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कर्ज काढताना नफ्याच्या वर्षाचा विचार करू नका, बुडीत वर्षाचा करा. उद्या सगळी बदके गेली आणि सहा महिने शेड रिकामे राहिले, तर हप्ता कुठून भरायचा आणि मुलांची फी कुठून द्यायची? याचे उत्तर तयार असेल, तरच कर्जाच्या कागदावर सही करावी. विमा घेताना साथीच्या रोगाने मेलेले आणि सरकारी आदेशाने मारलेले पक्षी त्यात धरले आहेत का, ते ओळन् ओळ वाचून घ्यावे.

आपल्या घरांत बदक म्हटले, की तळ्यातल्या कुरूप पिल्लाचे गाणे आठवते. त्या पिल्लाचा शेवटी राजहंस होतो. धंद्यातली बदके मात्र बदकेच राहतात. ती भरपूर खातात, पाणी सांडतात, घाबरतात आणि नीट सांभाळली, तर घराला हातभारही लावतात. पुढच्या वेळी हाऊसबोटीतून तो तपकिरी थवा दिसला, तर फोटो जरूर काढा. पण होडीतल्या त्या काठीवाल्याकडेही एकदा पाहा. बदके मोजता मोजता, या वर्षीचा नाताळ नीट पार पडेल ना, याची चिंताही तो मनात वागवत असतो.